भोंग्यावरचं घर

लिंबाजीमामाची नक्कल करायची तर आधी दमावं लागतं. बाकी कुणाचीबी नक्कल मी उभ्या उभ्या करतो. स्टेशनवरची अनाउन्समेंटवाली बाई, शाळेतले आमचे इंग्रजीचे सर, जालन्याच्या बसस्टँडवर "अंबड, अंबड, अंबड" करणारा कंडक्टर, हे सगळे माझ्या घशात फुकट राहतात. पण मामाची नक्कल सकाळच्या ताज्या अंगानं जमतच न्हाई. दिवसभर पेट्या उचलून पाठीचा भुगा झाला की करून बघा. बराबर जमते.

कशी करायची, सांगतो. बाकाजवळ आलात की आधी पिशवी ठेवायची. मंग हात गुडघ्यावर. मंग बाकाकडं असं बघायचं की जसं त्याची परवानगी मागून राह्यलो. अर्धं खाली जायचं आन तिथंच थांबायचं. तिथं एक "हाऽऽ" सोडायचा. मंग उरलेलं अंग खाली टाकायचं. शेवटी एका पायातली चप्पल काढून तो पाय दुसऱ्या पायावर ठेवायचा, लेकराला मांडीवर घेतात तसा.

पहिल्यांदा ही नक्कल मी गाडीच्या डब्यात केली. आम्ही सगळे अप-डाउनवाले. राहायचं जालना जिल्ह्यात, नोकरी संभाजीनगरच्या एमआयडीसीत, सकाळी गाडीनं जायचं, संध्याकाळी गाडीनं यायचं. सगळा डबा हसला. मामा समोरच बसलेले. मला वाटलं, आता शिव्या पडतात. मामानं नीट बघितलं आन म्हणाले, "बराबर हाय. पण गुडघा उजवा न्हाई. डावा."

त्या दिवसापासून मी नकल्या. कंपनीत माझं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर राहिलं.

मामा आमच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. उंच, वाळके, डोक्याला पांढरा रुमाल. घराणं धनगराचं. वडलांनी जाफराबादकडच्या माळांवर मेंढरं वळण्यात जिंदगी काढली. मामानंबी बारकेपणी वळली, मंग आयटीआय केलं आन मेंढरं सुटली. "आमचा बाप जलमभर चालला," मामा म्हणायचे, "आन त्यानं कधी कुणाला इचारलं न्हाई का रे बाबा किती लांब हाय. मी खुर्चीवर बसून पगार घेतो, आन दिसंल त्याला इचारत फिरतो, किती मिनटं?"

हे खरं होतं. मामाचं सगळ्यात जास्त वापरातलं वाक्य तेच. नवीन माणूस भेटला की नाव, गाव, आन "स्टेशन किती मिनटं?" लग्नाला गेले तरी मांडवाच्या दारात तेच. एकदा एका मयतीला गेल्तो. अंत्यविधी उरकला, सगळे गप बसलेले, आन मामा मेलेल्याच्या भावाला हळूच विचारून राह्यले, "ह्यास्नी हितनं स्टेशन किती मिनटं पडायचं?" तो बिचारा रडता रडता म्हणला, "वीस." मामा म्हणाले, "लांब हाय." आन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मामाचं गाव स्टेशनपासून बारा किलोमीटर. पहाटे उठायचं, काळी-पिवळी जीप भरायची वाट बघायची, जीपनं स्टेशन, गाडीनं शहर, तिथून कंपनीची बस. संध्याकाळी तेच उलटं. त्यात शेवटची जीप कुणासाठी थांबत न्हाई. गाडी लेट झाली की जीप गेलेली. मंग दुधाची गाडी, कुणाची मोटारसायकल, न्हाईतर फाट्यापासून पायी. घरी पोचायचे तव्हर मामी जेवण झाकून आडवी झालेली. दोन्ही पोरींची लग्नं झाली, घरात दोघंच, आन ते दोघं एका ताटाला बसायचे फक्त रविवारी.

रिटायर व्हायला अजून सहा वर्षं होती. आन गुडघा म्हणून राह्यला होता, मी सहा वर्षं येत न्हाई. डॉक्टरनं सांगितलं, चालणं कमी करा. मामा म्हणाले, "नकल्या, मला बंगला नको. स्टेशनापासून चालत जाता यील आसं दोन खोल्याचं घर पायजे. उजेडात घरी जायाचं आन तव्यावरची भाकर खायाची. यवढंच. न्हाई जमलं तर नोकरी सोडून द्यावी लागती, आन नोकरी सोडून मी खाऊ काय, गुडघा?"

यवढंच म्हणाले, पण यवढंच कुठं मिळतं? आमचं स्टेशन यवढं बारकं की गाडीतून पाटी पूर्ण वाचून होत न्हाई तव्हर गाडी सुटती. तरी लाईन डबल होणार, रुळावर विजेची वायर आली, शहर इकडं सरकून राह्यलं, असं कुणीतरी बोललं आन जमिनीच्या भावाला पंख फुटले. स्टेशनजवळचं परवडंना, आन परवडणारं जवळ न्हाई. मामानं तीन वर्षं रविवार घातले ह्यात. रविवारीच तर मामीसंगं जेवायचे, तेबी गेलं.

प्लॉट दाखवायला बंडूशेठ, त्याच्या बोर्डावर 'स्टेशन पाच मिनिटं'. बंडूशेठला दलाल म्हणलेलं आवडत न्हाई. काळा चष्मा, टोकदार बूट, आन बोलायचा असा की तोंडातून पाणी, लाईट आन रोड आधीच आलेले. "मामा, एकदम वॉकिंग डिस्टन्स!"

"कुणाच्या वॉकिंगनं?" मामा.

"आता... सगळ्यांच्याच."

"तू चाललास का?"

बंडूशेठ हसला. मामा हसले न्हाईत. त्याला मोटारसायकलवरून उतरवलं आन म्हणाले, चल. स्टेशनपासून त्याच्या प्लॉटपर्यंत चालत. मी मागं. मामाची चाल म्हणजे दमलेल्या बैलाची, जल्दी न्हाई, पण थांबतबी न्हाई. अर्ध्या रस्त्यात बंडूशेठ एका दगडावर बसला आन त्यानं बूट काढले. टाचेला फोड आलेला. मामा त्याच्या शेजारी बसले, त्यांच्या त्या तीन टप्प्यांच्या पद्धतीनं, आन म्हणाले, "आता सांग. किती मिनटं?"

"मामा, आमचं पाच मिनिटं म्हणजे गाडीवरचं असतंय."

"मंग बोर्डावर गाडीबी काढ की."

त्यानंतर बंडूशेठनं बोर्ड बदलला. 'पाच मिनिटं' खोडलं आन लिहिलं, 'स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर'. त्याला वाटलं, आता काय मोजशील?

मामानं बोर्ड दोनदा वाचला. मला प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं केलं. "नकल्या, तू हितंच ऱ्हा. हाक ऐकू आली का हात वर कर."

"मामा, हात वर केलेला तुम्हाला तिथून दिसंल का?"

"दिसला न्हाई तर हाकेच्या अंतरावर कसं?"

आन बंडूशेठच्या मागं बसून गेले. मी उभा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. चहावाल्याची किटली ऐकू आली, कुत्रं ऐकू आलं, मालगाडी गेली. मंग फोन वाजला.

"आली का?"

"काय मामा?"

"हाक."

"न्हाई."

"घे, ह्याला सांग." आन फोन बंडूशेठच्या हातात.

पुढचं बंडूशेठनंच मला सांगितलं. मामा प्लॉटच्या हद्दीच्या दगडावर चढले, तोंडाला हाताचा आडोसा केला, आन बापानं शिकवलेली धनगराची हाळी दिली. पलीकडच्या रानात कुणाचा तरी कळप चरत होता. सगळ्या कळपानं माना वर केल्या. मंग एक मेंढी निघाली, तिच्यामागं सगळ्या निघाल्या, थेट प्लॉटवर. "आरं, त्याच टायमाला बीडचं गिऱ्हाईक आलतं फॅमिली घेऊन," बंडूशेठ रडकुंडीला येऊन म्हणला. "त्यांना दाखवायचे प्लॉट, आन प्लॉटवर नुसती मेंढरं! बाई म्हणली, इथं वास येतो."

ती हाळी एकदा देऊन दाखवा, मला तिची नक्कल बसवायची आहे, म्हणून मी मामाच्या लई मागं लागलो. मामा म्हणाले, "ती नकलंची गोष्ट न्हाई. जनावराला बोलवायचं आसंल तवाच निघती."

फ्लॅटबी बघितला. स्टेशनपासून बराबर आठ मिनिटं, मामाच्या पायानं. तिसरा मजला. मामीला घेऊन आल्ते. सुभद्रामामी म्हणजे कमी बोलणार, पण बोलली की विषय बंद. तिच्या दोन शेळ्या, चांदी आन गुणी. मामीनं भिंतीवर टकटक केली, नळ सोडून बघितला, आन विचारलं, "शेळ्या कुठं बांधू?"

बंडूशेठला हे नवीन होतं. "मामी, शेळ्या... बाल्कनीत?"

मामी बाल्कनीत गेली, खाली वाकून बघितलं. "यवढ्या वरून खाली बघितलं तर तिला चक्कर यील. दूध आटंल."

मामानं बंडूशेठला विचारलं, "लिफ्ट हाय ना?" ते मस्करी करून राह्यले की खरंच विचारून राह्यले, मला आजपर्यंत कळलं न्हाई.

आता भोंग्याचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं समजणार न्हाई.

आमच्या स्टेशनच्या जालना बाजूला एक फाटक होतं. सकाळची गाडी जालन्याकडून यायची. फाटक यायच्या आधी ड्रायव्हर लांबलचक भोंगा द्यायचा. तिथून गाडी प्लॅटफॉर्मला लागणार, थांबणार आन सुटणार, सगळी मिळून सात मिनिटं. गाडी किती का लेट असंना, भोंग्यानंतर सातच. त्यामुळं आमच्या गावात अप-डाउनवाला माणूस घड्याळ बघत न्हाई. घड्याळ गाडी कधी यायला पाहिजे ते सांगतं. भोंगा सांगतो, आली. पोरं भोंग्यावर शर्टाची बटणं लावायची, बाया भोंग्यावर डबा बांधायच्या.

मामाची परीक्षा ह्यावर होती. उंबऱ्यात बसून भोंगा ऐकायचा. भोंगा झाला की उठायचं. पळायचं न्हाई. "चालणं म्हंजे चालणं. पळून गाडी धरायची आसंल तर बारा किलोमीटरवरचंच घर काय वाईट व्हतं?" गाडी मिळाली तर घर पास.

पास झालं ते सलमाखालाचं. बोर्ड न्हाई, दलाल न्हाई. स्टेशन आन फाटकाच्या मध्ये, रुळाच्या कडेनं जी जुनी वस्ती आहे, तिच्यात दोन खोल्या, वर पत्रा, पुढं अंगण, अंगणात पेरूचं झाड. खालाचा मुलगा शहरात स्थायिक झाला, आईला बोलावून राह्यला होता. खालाला घर विकायचं होतं, पण येईल त्याला न्हाई.

"मेरे घर में घडी नहीं देखी बेटा कधी," खाला मला म्हणाली. "हमारे ये सिलाईला जायचे शहरात. भोंगा हुआ, डब्बा उठाया, निघाले. तीस बरस. एक दिन गाडी न्हाई चुकली. मरायच्या दिवशीबी भोंगा झाला तर उठून बसले. मैं बोली, लेटो, आज जुम्मा है."

मामा आठवडाभर येऊन बसले. रोज पहिली जीप पकडून यायचे, खालाच्या उंबऱ्यात टेकायचे, खाला चहा द्यायची. भोंगा झाला की कप ठेवायचा, "येतो खाला," आन निघायचं. मी प्लॅटफॉर्मवर. माझं घर स्टेशनपासून तीन मिनिटांवर, म्हणून मी रोज सगळ्यात शेवटी धापा टाकत यायचो, आन मामा तिथं आधीच. सहा मिनिटं, रोज सहा. वर एक मिनिट दम घ्यायला.

खालानं त्यांच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं. शनिवारी म्हणाली, "लिंबाजीभाऊ, चाय पिऊन पिऊन माझं घर अर्धं तुमचं झालंच आहे. आता लेके जाव."

"आजून एकजण बघायचं हाय," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामी आली, चांदीला घेऊन. चांदी अंगणात शिरली, पेरूच्या बुडाला वास घेतला, गोल फिरली आन बसली. मामी म्हणाली, "झालं." मामानं पीएफमधून उचल केली आन खोल्या घेतल्या.

नंतरचं वर्ष-सव्वा वर्ष मामा म्हणजे वेगळाच माणूस. बसताना तो "हाऽऽ" येईना. माझी नक्कल जुनी झाली, डब्यातली पोरं म्हणायला लागली, नकल्या, आता मामा असे बसत न्हाईत.

एकदा मला घरी घेऊन गेले. संध्याकाळची गाडी शहराकडून येती, आम्हाला उतरवती आन पुढं जालन्याला जाती. आम्ही उतरलो. गाडी सुटली, पुढं फाटकावर गेल्यावर तिनं भोंगा दिला. मामा म्हणाले, "आता तवा ठिवला बघ."

"कुणी?"

"चल."

आम्ही पोचलो तर अंगणातल्या चुलीवर पहिली भाकर फुगून राह्यली होती. मामीनं वरबी न बघता म्हणलं, "हात धू." मामी भोंग्यावर तवा ठेवायची. भोंगा म्हणजे नवरा प्लॅटफॉर्मवर उतरून चालायला लागला. भाकरीला लागतो तेवढाच वेळ त्याला लागतो. मामानं पेरूच्या झाडाकडं बोट केलं. झाडाची सावली अजून अंगणात होती. "उजेड," ते म्हणाले, जसं मला पाहुणा दाखवून राह्यले.

मंग फाटक बंद झालं.

त्यात कुणाचं वाईट न्हाई. फाटकावर लोकांचा अर्धा अर्धा तास जायचा, पेशंट अडकायचे, कापसाच्या गाड्या अडकायच्या. रुळाखालून रस्ता काढला, फाटक काढलं, लोकांनी पेढे वाटले. मीबी दोन खाल्ले. मामानंबी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उंबऱ्यात बसले, पिशवी मांडीवर. बसूनच राह्यले. गाडी आली आन गेली. फाटक न्हाई तर भोंगा कशाला? त्यात इंजिन आता विजेचं, पोटातलं पाणी हलत न्हाई तसं येतं. संध्याकाळी मला म्हणाले, "आज ड्रायव्हर नवा व्हता वाटतं. भोंगा इसरला." तिसऱ्या दिवशीबी गाडी चुकली. तिसऱ्या दिवशी त्यांना समजलं.

"नकल्या," ते म्हणाले, "मी घर बघितलं, अंगण बघितलं, पाणी बघितलं. भोंगाबी घराचाच समजलो. त्यो फाटकाचा व्हता."

"खालाला फोन करू का?"

"तिला कशाला? तिनं तिचं घर इकलं. भोंगा काय तिनं पेटीत घालून नेला?"

घर होतं तिथंच होतं. सहा मिनिटं. पण गाडी कधी येणार, ते आता कुणी सांगंना. संध्याकाळी मामीलाबी तवा कधी ठेवायचा ते कळंना. मी त्यांच्यासाठी टचवाला मोबाईल घेतला, त्यात गाडीचं ॲप टाकलं. ॲप म्हणायचं, गाडी वेळेवर आहे, आन गाडी पंचवीस मिनिटं लेट. ॲप म्हणायचं लेट, आन गाडी समोरून गेलेली. दोन खाडे झाले, साहेबानं बोलावून घेतलं. तेव्हापासून मामा पाऊण तास आधी जाऊन प्लॅटफॉर्मवर बसायला लागले. पहाटे उठायचं, बाकावर बसायचं, वाट बघायची. जीपची बघायचे तशीच. बाकाचं लोखंड थंडीत गुडघ्याला लागायचं. तो "हाऽऽ" परत आला. माझी नक्कल परत चालायला लागली, पण मला करू वाटंना.

बंडूशेठ एक दिवस स्टेशनवर भेटला. "मामा, पेढे द्या! फाटक गेलं, तुमच्या जागेचा भाव वाढला."

"भाव वाढला," मामा म्हणाले. "गाडी गेली."

एका रविवारी मी माझी अक्कल पाजळली. भोंगा मला लई भारी जमतो. पोटातून काढायचा, नाकात फिरवायचा आन लांबवायचा. मामाकडं चाललो होतो. वाटलं, गंमत करू. घराच्या मागं रुळाच्या कडेला उभा राहिलो आन दिला. लांबलचक.

पुढं आलो तर मामा रस्त्यावर. हातात पिशवी, शर्टाची दोन बटणं लावलेली, एका पायात चप्पल. रविवार होता. दुपार होती. अंगणात मामी उभी, तिच्या हातात तवा.

कुणी हसलं न्हाई. मीबी न्हाई. तोंडातला भोंगा कुठं ठेवावा मला कळंना.

मामा माझ्याकडं वळले. मंग म्हणाले, "बराबर हाय. पण जरा लांबून यायचा."

आत गेले आन पिशवी खुंटीला अडकवली. मामीनं तवा खाली ठेवला न्हाई. म्हणाली, "आता उचललाच हाय तर खाऊन जा."

थोड्या दिवसांनी आमच्या घरमालकानं भाडं वाढवलं. म्हणला, स्टेशन तीन मिनिटांवर आहे, दुसरीकडं जाऊन बघा. आम्ही जालन्याला गेलो, पार तिकडं, स्टेशनपासून रिक्षानं वीस मिनिटं. मी जालन्यातच एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी बघितली. त्यामुळं मामाच्या कंपनीतला माझा शेवटचा दिवस आला. संध्याकाळची गाडी. मी पुढं जालन्याला जाणार, मामा आमच्या जुन्या स्टेशनवर उतरणार.

उतरायच्या आधी मामानं विचारलं, "नवी कंपनी घरापासून किती मिनटं?"

"चालत बारा."

"चांगलं हाय," म्हणाले. "गुडघं सांभाळ." आन उतरले.

एरवी गाडी दोन मिनिटांत सुटती. त्या दिवशी पुढं सिग्नल लाल होता. मी दारात उभा. मला वाटलं, मामा आता चालायला लागतील. पण ते प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, फाटक होतं त्या बाजूला गेले आन तिथंच उभे राहिले. गाडीकडं बघितलं. गाडी हलंना. आभाळाकडं बघितलं. ऊन रुळावरून सरकून बाभळीच्या शेंड्याला गेलं होतं. परत गाडीकडं बघितलं. ती जायची वाट बघून राह्यले होते, बहुतेक रोज बघत असतील. लोकांसमोर करायची गोष्ट न्हाई ती.

शेवटी पिशवी खाली ठेवली. रुमाल मागं सरकवला. तोंडाला हाताचा आडोसा केला आन हाळी दिली.

मी ती पहिल्यांदा ऐकली. त्यात शब्द न्हाई. छातीतून निघती, वर चढती आन वर गेल्यावर वाकती. मध्येच फाटली. मामा खोकले, गुडघ्यावर हात टेकून वाकले, मंग सरळ झाले आन परत दिली. आता पूर्ण गेली. विजेचं इंजिन गप उभं होतं, सगळ्या रुळावर फक्त तेवढी हाळी.

मामा कान देऊन उभे.

लांबून, पत्र्यांच्या पलीकडून, शेळी ओरडली. मंग दुसरी. मंग मामीचा आवाज आला, बारीक, "होऽऽ". आन पेरूच्या झाडापाशी चुलीच्या धुराची एक रेघ वर आली.

मामानं पिशवी उचलली. उजेड होता अजून, थोडाच. मला वाटलं, आता तरी घाई करतील. पण न्हाई केली. त्यांच्या त्या चालीनं निघाले, डावा पाय जरा जपत. गाडी सुटली आन त्यांच्या बाजूनं पुढं गेली, तरी ते चालतच होते.